'टेरर ऑफ टायनी टाउन'ला मराठी सबटायटल्स लावताना

१९३८चा हा काउबॉयपट जेमतेम ६२ मिनिटांचा आहे. निर्माता जेड ब्युएल, दिग्दर्शक सॅम न्यूफील्ड. नायक बक लॉसन (बिली कर्टिस), खलनायक बॅट हेन्स (लिटल बिली ऱ्होड्स) आणि गावातली सगळी माणसं कमी उंचीच्या नटांनी रंगवली आहेत. यातले बरेच जण पुढच्याच वर्षी 'विझर्ड ऑफ ऑझ'मध्ये मंचकिन, म्हणजे तिथल्या बुटक्या लोकांच्या भूमिकेत दिसले. घोड्यांच्या जागी शेटलंड तट्टं, आणि गुत्त्याच्या झुलत्या दारांखालून न वाकता आत शिरणारी मंडळी.

भारतात याचे हक्क कधीच संपलेत. पण सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, ही बाब वेगळी. ती आयोजकांकडून आधीच स्पष्ट करून घ्या.

आधी प्रत पक्की करा, मगच मजकुराला हात लावा. नेटवर याच्या अनेक प्रती फिरतात. काही सेकंदाला २४ फ्रेमच्या, काही २५च्या. २५वाली प्रत जवळपास अडीच मिनिटं लवकर संपते. एकीवर बसवलेली सबटायटल्स दुसरीवर सुरुवातीला जुळतात आणि शेवटच्या मारामारीपर्यंत पार भरकटतात. तपासायचं असं: पहिलं आणि शेवटचं वाक्य बघा. दोन्ही सारख्याच फरकानं चुकत असतील तर सगळी फाइल तेवढी सरकवा. फरक वाढत गेला असेल तर 'सबटायटल एडिट' या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) बदला. नुसतं सरकवून ते कधीच जुळणार नाही.

इंग्रजी संवाद यंत्राकडून उतरवून घेतले तरी कानानं तपासाच. जुन्या ध्वनिपट्टीच्या खरखरीत आणि टापांच्या आवाजात यंत्र न बोललेली वाक्यं घुसडतं, आणि गाण्यांत तर सर्रास. गाण्यांचा अर्थ तिरक्या अक्षरांत द्या, यमकाच्या नादी लागू नका.

भाषांतरात बहुतेकांचा हात इथे घसरतो: नट ठेंगणे दिसले की मराठी बोबडी, लाडिक होते. पटकथा मात्र साधीसरळ वेस्टर्न आहे. गुरं पळवली जातात, हेन्स लॉसन आणि प्रेस्टन या घराण्यांत आग लावतो, बक प्रेस्टनांच्या नॅन्सीच्या प्रेमात पडतो, आणि नट हे सगळं गंभीरपणे करतात. गंमत त्या गंभीरपणातच आहे. 'तुझा हिशेब आजच चुकता करतो' असं धमकीचं वाक्य धमकीसारखंच लिहा. शेरीफला फौजदार करू नका, तो शेरीफच शोभतो.

एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ४० चिन्हं. किमान १ सेकंद, कमाल ७. इथे देवनागरीची एक मेख आहे: बरेच प्रोग्रॅम काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजतात. 'लक्ष्मी' डोळ्याला दोन अक्षरं, यंत्राला सात. त्यामुळे लाल इशारा आला की लगेच कात्री लावू नका, आधी वाचून बघा. वाचता वाचता पुढचं दृश्य सुटत असेल तरच छाटा.

सबटायटल्सची एसआरटी फाइल यूटीएफ-८ या युनिकोड प्रकारातच जतन करा, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं दिसतात. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर चिकटवला तर अगम्य रोमन अक्षरं उमटतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. वेळेचे आकडे मात्र इंग्रजीच हवेत, आणि सेकंद व मिलिसेकंद यांच्यामध्ये टिंब नव्हे, स्वल्पविराम. देवनागरी आकडे टाकले तर बहुतेक प्लेअर ती ओळ गाळतात.

व्हीएलसी या प्लेअरमध्ये अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर सेटिंगमध्ये जाऊन 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' फॉन्ट निवडा. अक्षर पांढरं, कडा काळी, कारण उन्हातल्या फिकट आभाळावर नुसतं पांढरं अक्षर विरून जातं. ऐनवेळी किंचित मागेपुढे झालं तर जी आणि एच या कळा ५० मिलिसेकंदांनी सरकवतात.

पेन ड्राइव्ह थेट टीव्हीला लावणार असाल तर 'हँडब्रेक' या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममधून सबटायटल्स चित्रातच बसवून घ्या. अनेक टीव्ही जोडाक्षरं फोडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला नेतात. चित्र ४:३च ठेवा. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या बघून कुणी रिमोटनं ताणलं तर माणसं नुसती रुंद दिसतात, आणि ज्या प्रमाणबद्धतेवर सगळा सिनेमा उभा आहे तीच जाते.