क्रिप्टोग्राफीच्या कोडमधून फ्लोट कसा काढावा

नागपूरच्या झिरो माइलपासून विमानतळाचं अंतर दहा मीटर चुकलं तरी ऑटोवाला बरोबर पोचवतो. किल्लीतला एक बिट चुकला की कुलूप उघडत नाही. फ्लोट, म्हणजे दशांश आकडे अंदाजे साठवणारा प्रकार, पहिल्या कामासाठी बनलाय. डबल या नेहमीच्या फ्लोटमध्ये नेमके ५३ बिट मावतात. ९००७१९९२५४७४०९९३ त्यात ठेवा, शेवटचा ३ जाऊन २ होतो आणि एररही येत नाही.

उदाहरणं पायथनची घेतो, कारण नागपुरातल्या मुलांचे प्रोजेक्ट माझ्याकडे त्यातच येतात.

१. घातांक आणि वर्गमूळ: मॅथ मॉड्यूलचा पॉव फ्लोट देतो, तो काढा; तीन आकडे (पाया, घातांक, भाजक) घेऊन बाकी देणारा साधा पॉव वापरा. वर्गमूळाला आयएसक्यूआरटी (isqrt), तो पूर्णांकच देतो.

२. भागाकार. इथे माझ्या दोन रात्री गेल्या आहेत. आरएसए या सार्वजनिक आणि खाजगी किल्ल्यांच्या पद्धतीतली खाजगी किल्ली काढताना मी फ्लोट देणारी एकेरी तिरकी रेघ (/) वापरली आणि उत्तराला पूर्णांक करणारा इंट लावला. पुस्तकातल्या ६१ आणि ५३ या मूळ संख्यांवर २७५३ हे बरोबर उत्तर आलं, म्हणून मी निर्धास्त झालो. पुढे ५१२ बिटांची किल्ली केली, तर काहीच डिक्रिप्ट होईना. वरचे ५३ बिट बरोबर होते, खाली सगळी शून्यं. २०४८ बिटांना पायथन निदान ओव्हरफ्लो म्हणून थांबतो, मधल्या आकारांना गप्प राहून चुकीचं देतो. घात तिथे होतो.

‘राउंड लावा’ हा सल्ला ऐकू नका. गेलेले बिट राउंड कुठून आणणार? ‘थोडा फरक चालवून घ्या’ हा त्याहून वाईट. पूर्णांकच देणारी दुहेरी तिरकी रेघ (//) घाला. व्यस्त, म्हणजे ज्याने गुणून भागल्यावर बाकी एक येते तो आकडा, हवा असेल तर पायथन ३.८ पासून तीन आकड्यांच्या पॉवला ऋण एक घातांक चालतो, तोच वापरा. मग ई (सार्वजनिक घातांक) गुणिले डी (खाजगी घातांक), भागिले फाय (दोन्ही मूळ संख्यांतून एकेक वजा करून केलेला गुणाकार), बाकी एक येते का ते दर वेळी कोडमध्येच तपासा.

३. रँडम: ० ते १ मधला फ्लोट २ च्या २५६ व्या घाताने गुणून किल्ली करू नका, खालचे २०३ बिट कायम शून्य येतात. सीक्रेट्स मॉड्यूलचं रँडबिट्स घ्या.

४. वेळ: काही प्रोसेसरवर अतिसूक्ष्म फ्लोटच्या गणिताला जास्त वेळ लागतो, त्यावरून गुपित फुटू शकतं. पूर्णांकांचा भागाकारही सुटलेला नाही. २०२३ मध्ये कायबर या एन्क्रिप्शन पद्धतीच्या कोडमध्ये गुप्त आकड्यावरचा असाच भागाकार सापडला, तिथे गुणाकार आणि शिफ्ट घालावे लागले. पायथनचे पूर्णांकही वेळ लपवत नाहीत, तेव्हा ग्राहकांच्या खऱ्या किल्ल्या तपासलेल्या लायब्ररीलाच करू द्या.