अपघाताचा क्लेम अन् निराधारचा पगार: या चुका टाळा

सोयाबीनच्या मळणीत माझ्या मामाचा उजवा हात मशीनमधी गेला. दोन बोटं जागेवरच तुटली, बाकी पंजा हाय पण मूठ वळत नाय, बिडीची काडी सुद्धा डाव्या हातानंच वढतात. घरात ऑनलाइन फॉर्म भरणारा मी एकटाच, त्यामुळं सगळ्या कागदाची पिशवी माझ्याकडं आली अन् पुढचं वर्षभर ती पिशवी घेऊन मी फिरलो.

सगळ्यात मोठी चूक आमची पहिल्याच महिन्यात झाली, ती म्हणजे थांबलो. मामाची एका प्रायव्हेट कंपनीची अपघात पॉलिसी होती, एजंट म्हणला आधी सरकारी अपंग सर्टिफिकेट आणा मग क्लेम टाकू, अन् दवाखान्यात डॉक्टर म्हणले जखम भरू द्या, फिजिओ करा, सहा महिन्यांनी मेडिकल बोर्डापुढं या. म्हणजे हा त्याच्याकडं बोट दाखवतो अन् तो सहा महिन्यांकडं, आपण मधी बसलो वाट बघत. असं करू नका. अपघात झाला की त्याच आठवड्यात कंपनीला ईमेलनं कळवा, पॉलिसी नंबर अन् तारीख टाकून, सर्टिफिकेट मागून देतो असं त्यातच लिहा. उशीर झाला तरी लगेच हातपाय गाळू नका, खरा क्लेम निव्वळ उशिरा कळवला म्हणून नाकारू नका असं विमा नियामकाचं 2011 चं परिपत्रक हाय, पण ते भांडताना कामाला येतं, भांडण टळलेलं बरं.

सरकारी बाजूची घड्याळं मात्र कडक. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत आधी विमा कंपन्या होत्या, क्लेम लटकायचे, म्हणून 2023 पासून सरकारनं कंपन्या काढून सानुग्रह अनुदान केलं, म्हणजे सरकार स्वतःच मदत देतं. एक हात, पाय किंवा डोळा गेला तर 1 लाख, मृत्यूला 2 लाख, पण अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं. आमचा कृषी सहाय्यक ओळखीचा निघाला म्हणून वाचलो.

अन् पासबुक बघा हो. मेच्या शेवटी 20 रुपये कटलेले दिसले तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, 18 ते 70 वयाला. एक हात कायमचा निकामी झाला तर 1 लाख. नुसती बोटं गेली तर त्यात काही मिळत नाय, म्हणून डॉक्टरकडून 'हाताचा वापर कायमचा गेला' हे स्पष्ट लिहून घ्यावं लागतं, अर्थात खरंच गेला असंल तर.

टक्क्याचा घोळ तर विचारूच नका. सर्टिफिकेटवर मामाला 45 टक्के अपंगत्व मिळालं तसं त्यांनी वट्यावर बसून गणित केलं, 10 लाखाची पॉलिसी म्हणजे साडेचार लाख आपले! तसं नसतंय. सरकारी टक्के निराधारच्या पगारासाठी, म्हणजे संजय गांधी निराधार योजनेच्या महिन्याच्या पैशासाठी, तिथं 40 किंवा जास्त लागतात. कंपनीचा तक्ता वेगळा, पॉलिसीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असतो, बऱ्याच पॉलिसीत अंगठ्याला 25 टक्के, तर्जनीला 10 असं लिहिलेलं असतं. तो तक्ता क्लेम टाकायच्या आधी वाचा. अन् सर्टिफिकेटवर 'तात्पुरते' लिहिलंय का 'कायमस्वरूपी' तेपण बघा, तात्पुरतं असलं की कंपनी फाईल बाजूला ठेवते.

अजून एक, पोलिसाची कटकट नको म्हणून आमच्या शेजाऱ्यानं कॅज्युअल्टीत मामा 'घरी पडले' सांगितलं होतं. केस पेपरवर ते तसंच उतरलं अन् क्लेमवर लिहिलं मळणी यंत्र. कंपनीला आयतं कारण! ते दुरुस्त करायला दोन महिने गेले. आत जाताना जे झालं तेच सांगा, एमएलसी, म्हणजे दवाखान्यानं पोलिसांना कळवायची नोंद, होऊ द्या.

यूडीआयडीचा (सरकारी दिव्यांग कार्ड अन् सर्टिफिकेटचा) अर्ज पोर्टलवर लगेच टाकून ठेवा. 2024 च्या बदललेल्या नियमात सर्टिफिकेट 3 महिन्यांत द्यायचं हाय, पण तपासणीला तुम्ही गेलाच नाय तर 2 वर्षांनी अर्ज बाद होतो. निराधारला दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार, ऑक्टोबर 2025 पासून महिन्याला 2500, अन् पैसे आधार जोडलेल्या खात्यावरच येतात. भलत्याच बँकेला आधार जोडलेलं असलं तर पैसे तिकडं जातात अन् माणूस तहसीलला चकरा मारतो.

कंपनीनं टोलवाटोलवी केली तर फोनवर भांडू नका, तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या. महिनाभरात उत्तर नाय आलं किंवा नकार आला तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी, मराठवाड्याचं ऑफिस पुण्याला हाय, फी नाय, वकील नाय, मात्र नकारापासून वर्षाच्या आत. आम्ही नुसतं लोकपालाचं नाव ईमेलात टाकलं अन् चार महिने 'प्रोसेसमधी' असलेली फाईल अकराव्या दिवशी हलली. मामानं सही केली, डाव्या हातानं, तर बँकवाला म्हणला सही जुळत नाय.