मोनोस्पेस फाँट बोल्ड इटॅलिक करताय? थांबा जरा

उद्यमनगरातल्या एका मित्राला कास्टिंगची रेटलिस्ट करून देत होतो, पार्ट नंबर सगळे इंग्रजीत, म्हणून मोनोस्पेस फाँट घेतला. यात आय असो की एम, प्रत्येक अक्षराला सारखीच जागा, टाइपरायटरसारखी, त्यामुळं आकडे एकाखाली एक सरळ बसतात. पण त्या मित्रानं सगळी लिस्टच बोल्ड इटॅलिक करायला लावली आणि प्रिंट काढली तर एम, डब्ल्यू नुसते काळे ठिपके! कारण साधंय, साध्या फाँटात बोल्ड अक्षर थोडं रुंद होऊ शकतं, इथं जागा ठरलेली, मग जाडी आतल्या बाजूला सरकते आणि अक्षरातली पोकळी बुजते.

म्हणून ही स्टाईल मिठासारखी वापरा. एखादा बदललेला रेट, कोडमधली वॉर्निंग, टेबलची हेडिंग, एवढ्यापुरती लई भारी दिसते. 8 पॉइंटाच्या आसपास तर नकोच.

अजून एक, फाँटची बोल्ड इटॅलिक फाइल वेगळी इन्स्टॉल आहे का बघा, नसेल तर सॉफ्टवेअर साधंच अक्षर फुगवून तिरकं करतं आणि कधीकधी कॉलमपण हलतात. खऱ्या इटॅलिकमध्ये ए, एफचा आकारच बदलतो, आयबीएम प्लेक्स मोनो हा फाँट फुकट मिळतो त्यात बघा. कुरियर न्यूमध्ये मात्र नुसतं तिरकं केलेलं असतं, आणि तो मुळातच एवढा बारीक की त्याला बोल्ड उलट शोभतं.

छापायच्या आधी शून्य आणि ओ, एक आणि छोटा एल शेजारी टाइप करून वेगळे ओळखू येतात का बघा, मराठी मजकुराला मात्र हे लावायच्या फंदात पडू नका, जोडाक्षरं त्या चौकटीत मावत नाहीत.