अमिनो आम्लाची रचना कशी काढावी आणि कशी वाचावी

प्रथिने ज्यांच्या साखळ्यांनी बनतात त्या वीस अमिनो आम्लांच्या रचना एका दमात पाठ करू पाहणारा विद्यार्थी पाच-सहा नावांतच थकतो. वास्तविक पाठ करण्याजोगा भाग थोडाच आहे, कारण विसांपैकी एकोणीस आम्लांचा सांगाडा एकसारखा असतो आणि प्रोलीन तेवढे थोडे निराळे वागते.

कोऱ्या कागदाच्या मधोमध एक कार्बन अणू मांडावा. त्याच्या डाव्या बाजूस अमिनो गट (NH₂), उजव्या बाजूस कार्बॉक्सिल गट (COOH) आणि वर एक हायड्रोजन लिहावा. खालची जागा पार्श्वशृंखलेची, म्हणजे प्रत्येक आम्लात वेगळ्या असणाऱ्या अणूंच्या गटाची असल्याने तेथे तूर्त रिकामा चौकोन काढावा. शरीरातील जवळजवळ उदासीन द्रावणात अमिनो गट एक जादा प्रोटॉन घेऊन धन प्रभारित होतो व कार्बॉक्सिल गट आपला प्रोटॉन सोडून ऋण प्रभारित होतो, म्हणून डावीकडे तीन हायड्रोजनांसह धन चिन्ह आणि उजवीकडे दोन ऑक्सिजनांसह ऋण चिन्ह देणे अधिक योग्य.

आता दुसरे आम्ल शेजारी काढून दोन्ही जोडावीत. पहिल्याच्या कार्बॉक्सिल गटातील एक ऑक्सिजन आणि दुसऱ्याच्या अमिनो गटातील दोन हायड्रोजन खोडले की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो व पेप्टाइड बंध, म्हणजे दोन्ही आम्लांना जोडणारा कार्बन-नायट्रोजन बंध, तयार होतो. (प्रभार न दाखवणाऱ्या आकृत्यांत हाच हिशेब एका बाजूचा हायड्रॉक्सिल (OH) आणि दुसऱ्या बाजूचा हायड्रोजन असा मांडतात, पाणी तेवढेच निघते.) हा बंध स्वतःभोवती मोकळेपणाने फिरत नाही, त्यामुळे साखळीला वळायचे असेल तर ती मधल्या कार्बनच्या दोन्ही बाजूंच्या बंधांपाशीच वळते. प्रोलीनची पार्श्वशृंखला मागे वळून नायट्रोजनलाच जोडलेली असल्याने तेथे हेही स्वातंत्र्य कमी होते आणि साखळीला बाक येतो.

खरे वाचन चौकोनाचे करायचे. त्यात केवळ हायड्रोजन असेल तर ते ग्लायसिन. व्हॅलीन, ल्यूसीन, फेनिलअॅलॅनीन यांच्याप्रमाणे फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतील, तर ती शृंखला पाणी टाळते व प्रथिनाची घडी पडताना बहुधा आत दडते. लायसिन व आर्जिनीन धन प्रभारित, अॅस्पार्टिक व ग्लुटामिक आम्ल ऋण प्रभारित. ही चारही बहुतेकदा पृष्ठभागावर पाण्यालगत आढळतात. सिस्टीनमध्ये गंधक असते, आणि दोन सिस्टीन जवळ आल्यास गंधक-गंधक बंधाने साखळीला टाका पडतो. इन्सुलिनमधील २१ आणि ३० आम्लांच्या दोन साखळ्या अशाच दोन टाक्यांनी जोडलेल्या असतात.

सरावासाठी हिमोग्लोबिनची, म्हणजे तांबड्या पेशींतील ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाची, १४६ आम्लांची बीटा साखळी घ्यावी. तिच्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्ल असते. सिकलसेल आजारात तेथे व्हॅलीन येते, हे जैवरसायनशास्त्रज्ञ व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ साली दाखवले. दोन्ही चौकोन शेजारी काढून पाहावेत: एकात शेवटी ऋण प्रभारित कार्बॉक्सिल गट, दुसऱ्यात नुसते दोन मिथिल गट (CH₃). पृष्ठभागावर आलेला हा पाणी टाळणारा तुकडा, ऑक्सिजन सुटलेल्या अवस्थेत, शेजारच्या हिमोग्लोबिन रेणूवरील तशाच खळग्यात बसतो. रेणूला रेणू चिकटून लांब तंतू होतात आणि तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी भागांत हा आजार परिचित असल्याने मराठी विद्यार्थ्याला हे उदाहरण दूरचे वाटू नये.

शेवटी प्रभाराचा हिशेब करावा. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत बीटा साखळ्या दोन, म्हणून दोन ऋण प्रभार कमी होतात. परिणामी अल्कधर्मी द्रावणात विद्युतप्रवाह सोडल्यावर सिकल हिमोग्लोबिन धन ध्रुवाकडे सामान्य हिमोग्लोबिनपेक्षा सावकाश सरकते, आणि तपासणीच्या पट्टीवर त्याचा पट्टा मागे राहिलेला दिसतो.