संयुक्त प्रस्तावात क्षेत्रफळाचे आकडे जुळत नव्हते: माझा अनुभव

अनुदानासाठी भूगोल प्रकल्पाचा संयुक्त प्रस्ताव लिहिताना एकाच खोऱ्याचं क्षेत्रफळ दोन संघांकडून वेगवेगळं येत होतं. साहजिकच नमुनास्थळं आणि अंदाजपत्रकही जुळेना. सीमा पुन्हा आखली, बेरजा तपासल्या, फरक तसाच. मुदत जवळ आलेली, फार हताश झालो होतो.

दोष प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या पद्धतीचा होता. एका संघाने वेब मर्केटर या ऑनलाइन नकाशांच्या प्रक्षेपणावर प्रतल (सपाट नकाशावरचं) क्षेत्रफळ मोजलं होतं. ६०° अक्षांशावर ते खऱ्याच्या जवळपास चौपट येतं.

आधी नकाशातल्या माहितीच्या प्रत्येक थराची मूळ सीआरएस (निर्देशांक प्रणाली) तपासली. मग क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रीप्रोजेक्ट लेयर’ने सगळे थर ईपीएसजी ६९३३ या सांकेतिक क्रमांकाच्या समक्षेत्र (क्षेत्रफळ न बिघडवणाऱ्या) प्रक्षेपणात आणले. (नुसतं ‘सेट लेयर सीआरएस’ करू नका, त्याने फक्त लेबल बदलतं.) क्षेत्रफळ नव्याने मोजलं, त्यावरून नमुनास्थळं ठरवली, त्यांवरून क्षेत्रकामाचे दिवस, आणि सर्वांत शेवटी खर्च.