कॅनरीची पहिली जोडी लावताय? या चुका टाळा

पहिल्या वर्षी मी कॅनरी पक्ष्याचे नर आणि मादी एकाच दिवशी आणले, त्याच संध्याकाळी एका पिंजऱ्यात सोडले आणि घरट्याची वाटी अडकवून वाट बघत बसलो. तिसऱ्या दिवशी नराच्या डोक्यावरची पिसं उपटलेली आणि दांडीवर रक्ताचा डाग. मादी भांडखोर निघाली, असं मी सगळ्यांना सांगत होतो. मादीचा काही दोष नव्हता. ती अजून तयारच झाली नव्हती.

बजी (बजरीगर, छोटे पोपट) पाळलेल्यांची इथेच फसगत होते. बजींची जोडी वर्षभर गुण्यागोविंदाने राहते, कॅनरीचं तसं नाही. हंगाम नसेल तेव्हा नर-मादी वेगवेगळ्या पिंजऱ्यांत बरे. आणि हंगाम कॅलेंडर बघून येत नाही, तो येतो दिवसाच्या लांबीवर. हा पक्षी मूळचा कॅनरी बेटं, मदेरा आणि अझोर्सचा. दिवस मोठा होऊ लागला की त्याचं शरीर अंड्यांच्या तयारीला लागतं. पुण्या-मुंबईत डिसेंबरचा दिवस जेमतेम ११ तासांचा, जूनचा सव्वातेरा. उजेड पुरेसा होईपर्यंत आपल्याकडे उन्हाळा तापलेला असतो, आणि चाळिशीच्या उन्हात पिल्लं वाढवणं म्हणजे त्यांचे हालच. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून टायमर लावून साधा एलईडी दिवा सुरू करा, दर आठवड्याला अर्धा तास वाढवत १४ तासांपर्यंत न्या. असं केलं तर मार्चअखेर दोन वेत आटोपतात. एकदा वाढवलेला उजेड मध्येच कमी मात्र करू नका. पिसं अवेळी झडू लागतात, नर गाणं थांबवतो आणि ते वर्ष हातचं जातं.

मादी तयार झाली हे तीच सांगते. तळाचा कागद फाडते, सुतळीचा धागा चोचीत धरून पिंजराभर फिरते, पोटाच्या खालच्या बाजूची पिसं विरळ होऊन कातडी लालसर दिसते. तोपर्यंत दोघांच्या मध्ये जाळी असू द्या. नर जाळीतून भरवू लागला आणि मादीनेही घास घेतला, की जाळी काढा. मादी निदान १० महिन्यांची हवी, त्याआधी नकोच.

अंडी रिकामी निघतात, तेव्हा

सहा-सात दिवसांनी अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर अंडं धरलं की आत लाल शिरांचं जाळं दिसायला हवं. काहीच दिसत नसेल तर लगेच नराला दोष देऊ नका, आधी दांडी हलवून बघा. डळमळत्या दांडीवर जुळणी होत नाही. इतकी साधी गोष्ट, पण ती तपासायचं माझ्याही लक्षात आलं नव्हतं. शेपटीखालची पिसं फार दाट असतील तर तीही थोडी कातरावी लागतात.

मादी रोज सकाळी एक अंडं घालते, साधारण चार किंवा पाच. पहिल्या अंड्यावरच ती बसली तर पहिलं पिल्लू शेवटच्यापेक्षा तीन-चार दिवसांनी मोठं होतं आणि धाकट्याच्या चोचीत घास पडतच नाही. म्हणून अंडं आलं की ते उचलून त्या जागी प्लॅस्टिकचं ठेवा. खरं अंडं कापसावर ठेवून दिवसातून दोनदा फिरवा आणि चौथ्याच्या सकाळी सगळी परत द्या. तिथून १३-१४ दिवस. सोळावा दिवस उलटल्याशिवाय एकही अंडं टाकू नका.

अंडं घालण्याच्या दिवसांत मादी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली दिसली, तर अंडं अडकलंय असं समजा. तिला ३० अंशांच्या आसपास उबेत ठेवा आणि त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न करू नका, आत फुटलं तर मादी वाचत नाही. हे टाळायचं तर कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा पिंजऱ्यात कायम हवा, जोडी लावायच्या कितीतरी आधीपासून.

घरट्यात हे बघा

सुतळी चार-पाच सेंटिमीटरचे तुकडे करूनच द्या. लांब धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळतो आणि पाय सुकतो. मादी रात्री अंड्यांवरून उठत असेल तर पिंजऱ्यावर पांढरं कापड टाका आणि पहाटे उलटून बघा. लाल ठिपके चालताना दिसले तर त्या गोचिडीसारख्या माइट्स आहेत. दिवसा फटीत लपतात, रात्री रक्त पितात, आणि दोन-तीन दिवसांच्या पिल्लांना त्या सहज संपवतात. मुंग्यांचाही तसाच धाक. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

एग फूड म्हणजे कडक उकडलेलं अंडं आणि टोस्टचा चुरा. दिवसातून तीन-चार वेळा ताजं, थोडं थोडं द्या. उष्म्यात दोन-तीन तासांत ते आंबतं, आणि आंबलेल्या खाण्याने पिल्लांना जुलाब लागून घरटं ओलं होतं.

तुरेवाला नर आणि तुरेवाली मादी ही जोडी कधीच लावू नका, कितीही देखणी दिसली तरी. दोघांकडून तुऱ्याचा गुण आलेली पिल्लं, म्हणजे सरासरी चारातलं एक, जगत नाहीत. तुरेवाल्याला बिनतुऱ्याचा जोडीदार द्या.

पिल्लं १८ दिवसांच्या आसपास घरट्याबाहेर येतात, तेव्हा मादी दुसऱ्या वेताला लागलेली असते आणि घरट्यासाठी पिल्लांचीच पिसं उपटते. तिला दुसरी वाटी आणि भरपूर सुतळी द्या. पिल्लं जाळीपलीकडे ठेवा, नर तिथूनही त्यांना भरवतो. चार आठवड्यांनी ती स्वतः खाताना दिसतात, पण सुकं कॅनरी सीड फोडायची ताकद चोचीत अजून आलेली नसते. नुसत्या सुक्या दाण्यावर टाकलेली पिल्लं भरल्या भांड्याशेजारी छातीचं हाड वर येईपर्यंत खंगतात. सहा आठवडे होईपर्यंत एग फूड आणि भिजवलेलं धान्य चालूच ठेवा.