हजार तुकड्यांतून पहिली भेग कशी शोधायची: विमान अपघाताच्या तपासातलं तंत्र

आदळलेल्या विमानाचे हजारो तुकडे होतात. त्यातले बहुतेक मोडतात ते जमिनीच्या धक्क्याने. तपासणाऱ्याला हवी असते ती धक्क्याआधीची भेग. ती हाती लागेपर्यंत ‘हवेतच मोडलं’ असंही म्हणू नये आणि ‘वैमानिक चुकला’ असंही.

जागेवर पोचल्यावर उचलाउचल करू नका. जळालेल्या कार्बन फायबरची धूळ फुप्फुसात जाते, फुगलेले टायर आणि ऑक्सिजनचे सिलिंडर नंतरही फुटू शकतात. मास्क आणि जाड हातमोजे आधी. मग विमानाची टोकं मोजा: नाक, शेपूट, दोन्ही पंखांची टोकं, शिवाय हलत्या पट्ट्या, म्हणजे पंखांवरचे एलेरॉन (विमान कलवणारे) आणि फ्लॅप (कमी वेगात जादा उचल देणारे), शेपटीवरचे एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारे) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा). सगळं एका जागी असेल तर विमान बहुधा अखंड आदळलं. एखादा भाग मार्गावर काही किलोमीटर मागे मिळाला, तर तो हवेत सुटला. नकाशा मांडताना वारा धरायला विसरू नका. हलका पत्रा वाऱ्याबरोबर भरकटतो, इंजिनासारखी जड वस्तू वेगाच्या जोरावर पुढे जाऊन पडते.

इथेच मोठी चूक होते: सगळ्यात मागे पडलेला तुकडा म्हणजेच मूळ कारण, असं धरलं जातं. 12 ऑगस्ट 1985 रोजी जपान एअरलाइन्सचं उड्डाण क्रमांक 123 चं बोईंग 747 गुन्मा प्रांतातल्या डोंगरात कोसळलं, 520 माणसं गेली. शेपटीच्या उभ्या पंखाचे तुकडे मात्र कितीतरी मागे, सागामी उपसागरात मिळाले. पंख आधी सुटला हे खरं, पण तो स्वतःहून मोडला नव्हता. केबिनच्या मागच्या टोकाची घुमटाकार भिंत, म्हणजे प्रेशर बल्कहेड, फाटली. केबिनमधली दाबाची हवा शेपटीत घुसली, तिने पंख फोडला आणि चारही हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे तेलाच्या दाबाने या पट्ट्या हलवणाऱ्या व्यवस्था, निकामी केल्या. म्हणून प्रत्येक तुकड्याबद्दल विचारायचं: हा कशाने मोडला? उत्तर दुसऱ्या तुकड्याकडे बोट दाखवत असेल तर तिकडे जा.

आता मोडलेली कड वाचायची. आधी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. दोन कडा जुळतात का हे बघायला त्या एकमेकींवर टेकवू नका. सूक्ष्म खुणा तिथेच घासून जातात. तारेचा ब्रशही लावू नका. स्फोटाचा संशय असेल तर आधी कापसाच्या बोळ्याने नमुने घ्या. समुद्रातून काढलेला तुकडा त्यानंतरच गोड्या पाण्याने धुऊन लगेच वाळवा. प्रयोगशाळेसाठी कापताना कडेपासून लांब कापा, म्हणजे करवतीची उष्णता तिथवर पोचत नाही.

दहापट भिंग लावा. एकाच झटक्यात तुटलेल्या ॲल्युमिनियमची कड करडी, खरबरीत आणि बहुधा 45 अंशांत तिरकी असते. आजूबाजूचा पत्रा ताणलेला, वाकलेला दिसतो. पुन्हा पुन्हा भार येऊन धातू थकला आणि हळूहळू चिरला असेल तर कड सपाट आणि गुळगुळीत, पत्रा जवळपास न वाकलेला, आणि ओहोटीनंतर वाळूवर उमटलेल्या रेघांसारख्या कमानी. त्या कमानींचं मध्य शोधलं की भेगेचं उगमस्थान सापडतं: बहुतेकदा रिव्हेटचं (पत्रे जोडणाऱ्या खिळ्याचं) भोक, ओरखडा किंवा गंजाचा खड्डा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याहून बारीक रेषा दिसतात. अनुकूल ठिकाणी एका भारचक्राला एक रेषा पडते; केबिनमध्ये दाब भरणं-सोडणं हे एका उड्डाणाचं एक चक्र, म्हणजे भेग किती उड्डाणं वाढत होती याचा अंदाज बांधता येतो.

दोन भेगा टी आकारात भेटल्या, तर अडून थांबलेली भेग नंतरची. काजळीही क्रम सांगते: मोडलेल्या कडेवरच काजळी चढली असेल तर आधी मोडलं, मग धूर लागला. ॲल्युमिनियम वितळण्याच्या बेतात असताना धक्का बसला तर कड केरसुणीच्या टोकासारखी पिंजते.

थकव्याची भेग सापडली म्हणून काम संपत नाही. जुन्या विमानात लहान भेगा असू शकतात. उरलेल्या धातूला नेहमीचा भार पेलला असता का, हे गणित करावंच लागतं. आणि मग दुरुस्तीच्या जुन्या नोंदी काढा, अगदी विमान नवं होतं तेव्हापासूनच्या. 123 च्या त्याच विमानाची शेपूट 2 जून 1978 रोजी ओसाकाला उतरताना धावपट्टीवर घासली होती. बल्कहेडचा खालचा अर्धा भाग बदलताना जोडपट्टी अखंड बसवायची होती. ती दोन तुकड्यांत बसली. दोन ओळींनी पेलायचा भार रिव्हेटच्या एकाच ओळीवर आला, आणि पुढच्या सुमारे 12,300 उड्डाणांत तिथल्या भोकांपासून भेगा वाढत गेल्या. वरून पाहणाऱ्याला जोड ठीकच दिसत होता. म्हणून कागदावरची दुरुस्ती आणि प्रत्यक्षातली दुरुस्ती, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

झटक्याने तुटल्याचंच दिसलं तर प्रश्न उरतो: भार किती होता? मोठ्या प्रवासी विमानाची रचना साधारण 2.5 जी (वजनाच्या अडीचपट) या कमाल भारासाठी आणि त्याच्या दीडपट, म्हणजे 3.75 जीपर्यंत न मोडण्यासाठी केलेली असते. फ्लाइट रेकॉर्डरवरून प्रत्यक्ष भार काढा. 12 नोव्हेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमध्ये एअरबस ए300-600 या प्रवासी विमानाचा उभा पंख उखडला, तेव्हा रडर आलटूनपालटून जोरात दाबल्याने भार रचनेच्या मर्यादेपलीकडे गेला होता.

काहीच तुटलेलं नसेल, पण विमान नीट चढलंच नसेल, तर वजन, तापमान आणि धावपट्टीची उंची घ्या. पुण्याचा लोहगाव विमानतळ सुमारे 1,940 फुटांवर आहे. तिथलं प्रमाण तापमान, म्हणजे त्या उंचीसाठी हिशेबात धरलेलं ठराविक तापमान, 11 अंश. हवेचा दाब प्रमाण धरून 40 अंशांचा दिवस घेतला, तर दर जादा अंशाला 120 फूट या हिशेबाने विमानाला ती हवा जवळपास 5,400 फुटांवरच्या हवेइतकी विरळ लागते. त्या आकड्याने कामगिरीचे तक्ते पुन्हा वाचा. फ्लॅप किती उघडे होते हे कॉकपिटमधल्या दांड्यावरून ठरवू नका, धक्क्याने तो सरकतो; फ्लॅप चालवणाऱ्या जॅकस्क्रूचे (फिरून फ्लॅप सरकवणाऱ्या लांब स्क्रूचे) उघडे आटे मोजा. इंजिनाच्या पंख्याची पाती फिरण्याच्या उलट दिशेला वाकलेली असतील तर आदळताना ते फिरत होतं. किती ताकदीने, हे मात्र रेकॉर्डर आणि आतल्या भागांच्या घासल्याच्या खुणा मिळूनच सांगतात.